ग्लायडर फेकणारी

आप्पासाहेबांना कंपवात होऊन दोन वर्षं झाली होती, तरी रविवारचं ग्लायडर काही सुटलं नव्हतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की ते बायकोला, पूर्णिमाला, घेऊन सदाशिव पेठेतून निघायचे आणि लोणी काळभोरच्या मागच्या टेकडीवर जायचे. गाडी आता तीच चालवायची. आठ फुटी पंखांचं, इंजिन नसलेलं ते विमान टेकडीवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तासभर तरंगायचं. रिमोट आप्पासाहेबांच्या हातात. कड्याशी उभं राहून विमान वाऱ्यात फेकायचं काम पूर्णिमाचं. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं.

त्या रविवारी वारा असा होता की नीट उभं राहवत नव्हतं. हडपसरचा शहेजाद आधीच आपलं ग्लायडर उडवत होता, आणखी तिघे-चौघे बघत उभे होते. शहेजाद म्हणाला, "आप्पासाहेब, आज राहू द्या. फार जोर आहे."

"तुम्ही तुमचं बघा."

पूर्णिमाने विमान फेकलं. पाच मिनिटं ते छान तरंगलं. मग आप्पासाहेबांचा अंगठा थरथरायला लागला. विमान हेलकावत टेकडीच्या मागच्या बाजूला सरकलं. तिकडे वारा खाली कोसळतो.

"अहो, द्या इकडे!" तिने हात पुढे केला.

"बाजूला हो."

विमान खडकावर आदळलं. डावा पंख मधोमध मोडला. ती तुकडे गोळा करून आली, तेव्हा आप्पासाहेब चारचौघांत म्हणाले, "फेकतानाच वाकडं फेकलंस. एवढं एक काम, तेही धड नाही."

शहेजादने आपला रिमोट तिच्यापुढे धरला. त्याचं विमान अजून हवेतच होतं.

"घ्या काकू. मी शेजारीच आहे."

तिने रिमोट कधी हातात घेतला नव्हता. पण सव्वीस वर्षं तिने नवऱ्याचे अंगठे पाहिले होते. पहिली दोन वळणं झटके खात गेली. मग तिला विमानाचं नाक वाऱ्यात धरता आलं. अकरा मिनिटं तिने ते उडवलं आणि गवतावर अलगद उतरवलंही. तिने हसत मागे वळून पाहिलं. आप्पासाहेब काचा वर करून गाडीत बसले होते.

परतताना तिने विचारलं, "पाहिलंत?"

"त्याने सगळं सेट करून दिलं होतं. शेंबडं पोरही उडवेल."

मंगळवारी ती मंडईतून आली, तर आतल्या खोलीतली ग्लायडर टांगायची भिंत रिकामी. मोडक्यासकट तिन्ही ग्लायडर, रिमोट, चार्जर, काहीच नव्हतं.

"कॉलेजच्या पोरांना देऊन टाकलं," आप्पासाहेब म्हणाले. "मला जमत नाही, तर घरात ठेवून काय करायचं?"

"मला जमतं."

"तू फेकायला होतीस."

ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. भाजी बराच वेळ पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फिजिओथेरपीला जायचं होतं. शर्टाची बटणं लागेनात. "पूर्णिमा," त्यांनी आतून हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली.

तिने दोन्ही हाका ऐकल्या आणि पेपरचं पान उलटलं.