गोकुळाला लघवी झाली

तलावाच्या पाळीवरून झिंग्यांची टोपली घेऊन उतरताना गोकुळाच्या पायाला घोणस चावली. नवऱ्यानं, खुशालनं, तिला मांत्रिकाकडे नेलं नाही. सायकलवर बसवून थेट कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. विषावरची इंजेक्शनं मिळाली, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, पायाची सूज उतरू लागली. वाचली बाई, असं सगळेच म्हणाले.

फक्त तिला लघवी होत नव्हती. डॉक्टर सकाळी विचारायचे, आणि ती तोंडाला पदर लावून "होते" म्हणायची. परक्या पुरुषापुढे असलं काय बोलायचं! पुढं तिचं तोंड फुगलं, उताणं झोपलं की दम लागायला लागला, तेव्हा कुठे ती नवऱ्याच्या कानाशी लागली, "अवो, साप चावल्यापासून मले लघवीच नाई झाली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्याच दुपारी तिला जीपमधून नागपूरला धाडलं.

तिथल्या वॉर्डातल्या संघप्रिया सिस्टर ब्रह्मपुरीकडच्या होत्या. गावचीच बोली ऐकून गोकुळाला धीर आला.

"विषानं तुह्या दोन्ही किडन्या गपगार केल्या," सिस्टरनी सांगितलं. "पाठीत, कमरेच्या वर, मुठीएवढ्या दोन असतात. अंगातलं सारं रक्त दिवसभर त्यायच्यातून फिरत राह्यते. कामाचं असते ते त्या रक्तातच ठेवतात, आन् घाण आन् जास्तीचं पाणी लघवीतून बाहेर काढतात. आता त्या थांबल्या, म्हणून पाणी अंगातच साचून राह्यलं. तुह्या छातीतही तेच भरलं."

"मेल्या का जी त्या?"

"आता कोनी सांगू शकत नाई. बऱ्याच जनायच्या उठतात. तोवर त्यायचं काम मशीन करीन."

मानेत नळी घातली. आपलंच लालभडक रक्त नळीतून मशीनमध्ये जाताना आणि परत अंगात येताना गोकुळानं पाहिलं आणि डोळे गच्च मिटले. पण मशीनवरून उठली तेव्हा तिला मोकळा श्वास घेता आला. एक-दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तोंड सुजायचं, पुन्हा मशीन.

सुयांपेक्षा वाईट होती तहान. दिवसभराला मोजकं पेलाभर पाणी. लहानपणापासून कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मासे धरणारी बाई ती. आता नळाचा नुसता आवाज आला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेजारच्या खाटेवर गडचांदूरच्या आशाबाई होत्या. त्यांच्या किडन्या कायमच्या गेल्या होत्या, मशीनवरच त्यांचं चाललं होतं. त्यांनीच तिला शिकवलं, "गिळू नोको. चूळ भर आन् थुकून दे. जिभेले तेवढंच खरं वाटते."

एका दुपारी गोकुळाला ओटीपोटात कळ आली. भास असेल म्हणून ती गप्प पडून राहिली. कळ पुन्हा आली. तिनं हाक मारली, "सिस्टर, भांडं द्या!"

भांड्यात जेमतेम दोन-तीन चमचे पडलं. काळपट, कोऱ्या चहासारखं. सिस्टरनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"आली!" आशाबाई खाटेवर उठून बसल्या. "अवो खुशालभाऊ, आली! तुमच्या बायकोले लघवी आली!"

खुशाल व्हरांड्यातून धावत आला. भांड्याकडे पाहत हसतही होता, रडतही होता. दुसऱ्या दिवशी पेलाभर झाली, मग बाटलीभर, आणि मग बाटल्यांवर बाटल्या, पाण्यासारखी स्वच्छ. खुशाल प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवायला न्यायचा. डॉक्टर म्हणाले, "आता पाणी पाजा. किडन्या जाग्या झाल्यात, पण पाणी राखणं त्यांना अजून जमत नाही. जेवढं जाईल तेवढं भरून काढायचं."

पहिला तांब्या गोकुळानं न थांबता रिकामा केला. दुसरा तोंडाला लावताना तिची नजर आशाबाईंकडे गेली आणि तांब्या खाली आला.

"पे ना, काऊन थांबली?" आशाबाई म्हणाल्या. "माह्या नाई उठल्या. पन एकीच्या तरी उठल्या, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

गोकुळानं त्यांचा हात घट्ट धरला आणि तो न सोडता ती पाणी प्यायली.

मानेतली नळी निघाली, रक्ताचे रिपोर्ट सुधारत गेले, आणि एका सकाळी दोघं कुरखेड्याच्या गाडीत बसली. लघवी अजून अंमळ जास्तच व्हायची. भिवापूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना जंगल लागलं, आणि गोकुळा उठून उभी राहिली.

"कंडक्टरभाऊ, गाडी थांबवा. मले लघवीले जायचं हाये."

"इथी जंगलात? नागभीडले थांबन ना गाडी."

"नागभीडपर्यंत नाई थांबवत. इथीच थांबवा."

आवाज भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत गेला. पुढं बसलेले काही जण खिडकीबाहेर पाहू लागले. ड्रायव्हरनं ब्रेक लावला. गोकुळा पदर खोचून उतरली, तशी मागून एक म्हातारी उठली, मग लेकुरवाळी एक पोर, मग नागपूरपासून गप्प बसलेल्या आणखी सात-आठ जणी. पळसाच्या झुडपांआड बायकांची हसाहशी सुरू झाली, ती बराच वेळ थांबेना.