ध्रुवपद धरणारी

या, असे जवळ सरका. कीर्तनाच्या मांडवात गुडघ्याला गुडघा लावून बसतो ना आपण, तसे बसा. विजयश्री नावाच्या एका बाईची गोष्ट सांगतो. लांबवणार नाही, पण मधूनच उठू नका.

विजयश्रीनं कागद उलटला. मागची बाजू कोरी. फाइलमधले सगळे कागद तिनं जेवणाच्या टेबलावर मांडले, एकेक उलटून पाहिला आणि सुजितला फोन लावला. सुजित म्हणजे त्यांच्या तिघांच्या चमूतला ड्रमवाला.

"सुजित, दुसरी पानं तुझ्याकडेच राहिलीत. यात नुसती चाल आहे आणि वर कॉर्डची अक्षरं. मधलं कुठंय?"

तो आधी हसला. मग म्हणाला, "ताई, मधलं लिहिलेलं नसतंच. एवढंच असतं."

चाकणच्या एका कारखान्यात विजयश्री बावीस वर्षं ड्रॉइंग समोर ठेवून यंत्राचे भाग, म्हणजे जॉब, तपासत होती. प्रत्येक मापावर लाल टिक, आणि ड्रॉइंगवर नाही ते जॉबवर दिसलं की जॉब परत. तिथल्याच एका परदेशी इंजिनिअरनं मायदेशी जाताना आपलं वाद्य तिला देऊन टाकलं होतं. दहा तारांचं, छातीशी उभं धरायचं. तारा छेडायच्या नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी नुसत्या पट्टीवर टिपायच्या. डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे साथीचे एकत्र वाजणारे स्वर, उजव्यानं चाल. तुमची बोटं घाई करत नाहीत, एवढंच तो म्हणाला होता. नवरा गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यापलीकडचं काम तिच्या हातांना मिळालं, आणि घरातली संध्याकाळ निघू लागली. वाद्य पुसताना ती रोज त्या माणसाचे उपकार मानायची.

पुढे सुजितच्या चमूत गेल्यावर त्यानं दिलेल्या फाइलमधली जॅझची जुनी गाणीही ती आपल्या पद्धतीनंच शिकली. स्वर नीट वाजला की त्यावर लाल टिक. अकरा गाणी, एक चूक नाही. आणि तरी मागच्या सरावाला सुजितनं मान खाली घालून सांगितलं होतं, की चाल एकदा वाजवून झाली की मधे तुमचं काहीतरी आलं पाहिजे, तुम्ही पुन्हा चालच वाजवता. रविवारच्या कार्यक्रमातही तसंच झालं तर पुढे तुमच्या जागी कीबोर्डवाला बघावा लागेल.

तिनं फोन ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे, उद्धवराव अण्णा, लसूण सोलत होते. जन्म पिंपळे गुरवातला. चाळीस वर्षं सप्ताहात कीर्तनकारामागे टाळ घेऊन उभे राहिलेले. त्यांनी एक कागद ओढून घेतला, लांब धरून पाहिला.

"ह्ये तर लई झालं की. आमच्या बुवांकडं चार चरणांचा अभंग आसायचा. कीर्तन दोन तास."

"मग बाकीचं ते कुठून आणायचे, अण्णा?"

"त्येंच्या पोटातलं. पर अभंग सोडून न्हाई जायाचं. चरण घ्यायचा, हिंडून यायचं, धुरपदावर टेकायचं."

"आणि हिंडताना वाट चुकली तर?"

अण्णांनी पाकळी वाटीत टाकली.

"मग आमी टाळकरी मागं कशाला हुबं ऱ्हायचो, पोरी?"

रविवारी सकाळी पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या, निम्म्या भरल्या. चमूतली तिसरी होती मिनल, जाड तारांची बेस गिटार वाजवणारी, लातूरकडची. कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आलेली, डोळे लाल. टोपी घालून पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांना सुजित म्हणाला, झोप आली तर मागे बसा हं.

"आरं, तुज्या ढोलाम्होरं झोपंल त्यो मेलेलाच आसंल," अण्णा म्हणाले.

गाणं सुरू झालं. पहिली फेरी चाल. तिथं विजयश्रीचा हात कधीच चुकत नव्हता. फेरी संपली, आणि तिनं कागदावरची नजर काढली. उजवा हात चालीवरून खाली उतरला. एक स्वर, त्याच्या शेजारचा एक, मग त्यांच्यामागे आणखी चार, कुणी न सांगितलेले. तिचे खांदे सैल झाले. ती हिंडली.

आणि हरवली. कुठला कॉर्ड चालू आहे ते डाव्या हाताला कळेना. दोन्ही हात तारांवर अधांतरी थांबले. तिनं कागदाकडे पाहिलं. लाल टिका सगळ्या होत्या, पण आपण आत्ता कुठे आहोत ते त्यातली एकही सांगेना.

तेवढ्यात खालच्या सुरात, जाड तारांवरून, चाल ऐकू आली. साधी, बिननक्षीची. मिनल तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. सुजितनं आवाज कमी केला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असणार; मागच्या एका गृहस्थांनी मान डोलावली. एक ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीवर विजयश्रीचं बोट तारेवर टेकलं. चौथी दोघींनी मिळून वाजवली. मग ती पुन्हा निघाली, आता जास्त लांब, आणि आपल्या पायांनी परत आली.

टाळ्या झाल्या. सुजित ड्रमच्या काठ्या गोळा करत म्हणाला, "कीबोर्डवाल्याचा विषय संपला, ताई." लोक तिच्याभोवती जमले. अण्णा काठी टेकत येताना दिसले तशी ती नमस्काराला वाकणार, तर अण्णा तिच्या शेजारून पुढे गेले.

कोपऱ्यात मिनल वायर गुंडाळत होती. अण्णांनी काठी भिंतीला लावली, वाकले आणि तिच्या पायांना हात लावला.

"अहो आजोबा, काय करताय? मी केवढी, तुम्ही केवढे."

"कीर्तन झाल्यावर लहानथोर नसतंय. समदीच येकमेकांच्या पाया पडत्यात."

"मी नुसती चाल तर वाजवली."

"व्हय. त्येच."

मिनलनं वायर बाजूला ठेवून त्यांना हात जोडले. विजयश्रीनं वाद्य खुर्चीवर ठेवलं, भोवतीच्या लोकांना जरा वाट द्या म्हणाली आणि अण्णांच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिली.

त्या सकाळी विजयश्रीचं नाव माइकवर तीनदा घेतलं गेलं. ते लोकांच्या ध्यानात राहील. तुम्ही, बाबांनो, मिनलची आठवण ठेवा.