सुका बांगडा

माझ्या माऊलीची एक खोड मला आता सहन होत नाही. तो भांडत नाही.

लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं, पोरगा भांडत नाही म्हणून कोण रडतं? मी रडते. चौदा महिने झाले. मी मुद्दाम कालवणात मीठ जास्त टाकते, तो खातो. "रिक्षा पुसायला माझं लुगडं घेतलंस का रे मुडद्या?" म्हणून बिनकामाची ओरडते, तो "नाय माय" म्हणतो, चपला घालतो आणि जातो. दार आपटत नाही. ज्या हातानं त्याची बायको गेली, त्याच हातचा चहा रोज सकाळी पितो आणि कप विसळून पालथा घालतो.

मी साळूबाई. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ तीस वर्षं मासे विकले. माझे मालक, पुंजाराम, होते तोवर जायकवाडीच्या पाण्यात जाळं टाकायचे आणि मी पाटी घेऊन बसायचे. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरणीशी भांडण झालं म्हणून सुटली. पण रोहूचा नुसता कल्ला उचलून तो कधी पाण्याबाहेर आला ते सांगायचे. आम्ही भोई. मासा आमच्या घरात पोरांच्या आधी येतो.

घरात माझ्यापुढं कोणी बोलायचं नाही. मालकसुद्धा नाही. माऊली पाच वर्षांचा होता, एकदा म्हणाला, "माय, कालवण तिखट झालं." मी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि त्या दिवशी त्याला वाढलंच नाही. परत कधी तो नाव ठेवायला गेला नाही. ही गोष्ट मी चारचौघींत छाती काढून सांगायचे. म्हणायचे, वळण असं लावावं लागतं.

माझी सून सुरेखा कन्नडकडची, आमच्यातलीच. बारीक अंगाची, हसरी, आणि कामाला अशी की तिच्याकडं बघून मलाच धाप लागायची. मला "आत्याबाई" म्हणायची. करमाडच्या अलीकडं मासे कापायची एक कंपनी निघाली, तिथं तिला मीच लावलं. समुद्राचा मासा बर्फात घालून ट्रकानं यायचा, बाया तो साफ करून बिनकाट्याचे तुकडे करायच्या, ते पुढं मोठ्या हॉटेलांत जायचे.

समुद्राच्या माशात कधीकधी किडा असतो. दोऱ्याएवढा, पांढरा, मांसात वेटोळं करून बसलेला. तो शोधायला कंपनीत काचेचं टेबल होतं. खालून लाइट, वर तुकडा ठेवला की किडा सावलीसारखा दिसायचा, तो चिमट्यानं ओढायचा. दुसऱ्या बायांना चारातले दोन दिसायचे. सुरेखाला पाच दिसायचे. सुपरवायझर गयासभाईनं तिला महिन्याभरात त्याच टेबलावर कायमची बसवली. मी गल्लीत सांगत फिरले, "माझ्या सुनेचे डोळे बघा. भोयाच्या घरचे डोळे हायेत ते."

सहा महिन्यांनी तिचे हात लाल झाले. मनगटापर्यंत गांधी उठायच्या, रात्रभर खाजवायची. मग नाक चोंदायला लागलं. सकाळी उठली की वीस-वीस शिंका. भाजीला फोडणी दिली तरी तिला वास कळेना. मी म्हणायचे, "जळलं बघ कांदं, नाक गहाण ठिवलं का कुठं?" ती हसायची, आणि हसता हसता तिच्या छातीतून शीळ वाजायची.

तिच्याबरोबर कामाला शमशाद होती, नारेगावची. एक दिवस ती घरी आली आणि मला म्हणाली, "मौसी, उसकू वो टेबल से उठाओ. पाइपानं टेबल धुतलं ना, तो फवारा सगळा तिच्या तोंडावर येतो. काल तिचं नरडं बंद झालं होतं. बाहेर नेऊन बसवली मी."

मी म्हणाले, "शमशाद, तुला तिथं बसायचं असंल तर सरळ सांग."

शमशादनं चहा अर्धा ठेवला आणि गेली. जाताना सुरेखाच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही.

मग माऊलीनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, दंडावर टोचून बघितलं. डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहून दिलं आणि माऊलीनं मला तो कागद वाचून दाखवला. मासा बाधत नाही, त्यातला किडा बाधतो. तिच्या अंगानं त्या किड्याशी वैर धरलंय. ते काम बंद. समुद्राचा मासा बंद. ताजा, शिजवलेला, सुका, कसलाच नाही. धरणाचा मासा बेतानं चालेल.

"शिजवलेला का नाय?" मी विचारलं. "तासभर रटरटला की किडा मरतो."

"मेला तरी बाधतो, माय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, किडा मरतो, पर त्याच्यात जे अंगाला बाधतं ते मरत नाय."

"मेलेला किडा काय उठून चावतो का रे? कोन ही डॉक्टरीण? मासा कधी शिजवलाय का तिनं?"

 कागद घडी करून माऊलीनं देवाच्या फोटोमागं ठेवला.

सुरेखाचं काम सुटलं. आणि माझं तोंड बंद झालं, जे आजवर कोणाला जमलं नव्हतं. नळावर बाया विचारायच्या, "साळूबाई, सुनंला मासा बाधतो म्हनं? भोयाच्या सुनंला?" आणि पदर तोंडाला लावायच्या. मी घरी येऊन सुरेखाकडं बघायचे. घरी राहून तिचे हात निवळत होते, पण नाक तसंच चोंदलेलं होतं. मला वाटायचं, बसून खायला मिळालं म्हणून हातसुद्धा बरे झाले. तिनं एकदा मला सरळ सांगितलं होतं, "आत्याबाई, मला पापड लाटायचं काम मिळतंय, मी ते करते. पर सुकं मासं तव्यावर टाकलं तर मला सांगत जा. मी बाहेर बसंन." माझ्या घरात, माझ्या चुलीवर काय शिजतंय त्यावरून ही बाहेर बसणार. ते शब्द मला काट्यासारखे घशात अडकले.

मग मी जे केलं ते सांगते. कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते.

रविवार होता. दुपारचं जेवण. धरणाचा रोहू आणला होता, तिला चालणारा. सकाळी ती आपल्या पोरीला, संस्कृतीला, घेऊन नळावर गेली तेव्हा मी बाजारातून आणलेला सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला, पाट्यावर कुटला, बारीक भुकटी केली आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालून टाकली. घर वासानं भरलं होतं. ती आली, काही बोलली नाही. तिचं नाक मेलेलं होतं. मला ते माहीत होतं. त्यावरच मी सगळं बेतलं होतं.

मला तिला मारायचं नव्हतं. हे मी देवासमोर सांगेन, तो ऐकेल का नाही ते त्याचं तो बघेल. मला तिला खोटं पाडायचं होतं. ती पोटभर जेवली असती, हात धुतले असते, आणि मी सावकाश म्हणाले असते, "काय गं, काय झालं बांगडा खाऊन?" हे वाक्य मी वाटण वाटताना चारदा मनात म्हणून बघितलं होतं.

माऊली रिक्षा फिरवून आला तोवर वास फोडणीखाली दबला होता. तिघं जेवायला बसली. माऊली, सुरेखा आणि सहा वर्षांची संस्कृती. पोरीला मी वरण-भात दिला होता. मी वाढत होते.

माऊलीनं पहिला घास तोंडात घातला आणि त्याचा जबडा थांबला. भोयाचा पोरगा तो. बांगड्याचा वास त्याला झोपेत कळेल. त्यानं वर माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं, तशीच, जशी तो पाच वर्षांचा असताना बघितलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि घास गिळला.

सुरेखानं एक भाकरी खाल्ली. म्हणाली, "आत्याबाई, आज रस्सा लई झ्याक झालाय," आणि वाटी पुढं केली. मी परत वाढलं.

दुसरी भाकरी अर्धी राहिली. ती तळहात खाजवायला लागली. मग ओठ. मग खोकला आला आणि थांबेना. तिचे डोळे सुजत चालले, मी बघत होते, आणि एवढं होऊनही माझ्या मनात आलं की नाटक करतेय. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आत्याबाई, ह्याच्यात..." एवढंच. पुढचा शब्द फुटला नाही.

माऊलीनं रिक्षा काढली. मागं मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जालना रोडला आम्ही किती हॉर्न वाजवले, किती लोक बाजूला झाले, काही आठवत नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं. बारीक अंगाची बाई, पण पकड अशी की नखं रुतली. आकाशवाणी चौकाच्या पुढं पकड सुटली. मी तिला म्हणत होते, "धर, सोडू नको, धर." माझं म्हणणं न ऐकायची तिची ती पहिलीच वेळ.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

मी तोंड उघडलं. माऊली माझ्या पुढं झाला आणि म्हणाला, "काय नाय, सायब. दमा होता तिला. आधीपासून."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तेवढंच. त्यानंतर त्या रविवारचा एक शब्द आमच्यात झाला नाही. बांगडा कुटलेला पाटा त्यानं स्वतः घासून धुतला आणि भिंतीला उभा केला. तो अजून तसाच उभा आहे. मी मिक्सर वापरते. कन्नडहून तिचे आई-बाप आले, माझ्या गळ्यात पडून रडले, तिची आई म्हणाली, "लेकीसारखी सांभाळली तुमी." माऊली शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं, आणि त्यांना चहा आणायला गेला.

मी वाट बघत राहिले. आज बोलेल, उद्या बोलेल. दारू पिऊन तरी बोलेल. दारू पीत नाही तो. एकदा तरी "माय, तू काय केलंस" म्हणावं, ताट भिंतीवर फेकावं, माझे केस धरावेत. मी तयार होते. माझ्यासारखीला शिव्या नवीन नाहीत, मी अख्ख्या बाजाराला दिल्या आहेत. पण हा शांतपणे जेवतो.

आज परत रविवार. दुपारी वांग्याची भाजी केली होती. मासा घरात येत नाही आता. माऊली बसला, शेजारी संस्कृती. आईचेच डोळे आहेत तिला, बारीकसारीक सगळं दिसतं. पोरीनं एक घास खाल्ला आणि जीभ बाहेर काढून बोटानं पुसायला लागली.

"आजी, मला नको. वांग्यानं तोंडाला खाज सुटती."

माझा वाढायचा चमचा हवेतच राहिला.

आणि माऊली, ताटातून मान वर न करता, पोरीला म्हणाला, "आजीनं केलंय ना? गपचूप खा."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनंही मान खाली घातली आणि दुसरा घास उचलला.

मी हातातली पातेली खाली आपटली. तिच्या हातातला घास काढून घेतला, तिच्या तोंडात बोट घालून जीभ बघितली, चूळ भरायला लावली. काही नव्हतं, थोडी लाल झाली होती, वांग्यानं होते तेवढीच. तिच्यापुढचं ताट मी उचललं. आयुष्यात दुसऱ्यांदा पोराच्या पुढचं ताट उचललं. तिला दूध-भाकरी कालवून दिली आणि ओट्यावर नेऊन बसवलं. मग आत आले. माऊली जेवतच होता. मी त्याच्यासमोर खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले, आणि त्याची हनुवटी धरून वर केली.

"माऊली, इकडं बघ. खाली बघू नको. सुरेखाला मी मारलं. दमा नव्हता. बांगडा मी कुटला, मी घातला, वाटी पुढं केली तवा परत वाढला. हे माझं झालं, ते मी मरंस्तोवर घेऊन बसंन. आता तुझं ऐक. पहिला घास तू वळखला व्हतास. माझ्या तोंडाकडं बघितलंस अन् गिळलास. तू वाईट नाय. तू भित्रा हायेस. अन् तुला भित्रा मीच केला, तिखट लागलं म्हनलास म्हनून उपाशी ठेवून. ते बी माझ्याच नावावर टाक. पर ही पोरगी तशी व्हायला नको. ती नको म्हनली का नको. तुला जमत नसंल तर तिला घे अन् कन्नडला जाऊन ऱ्हा, हितं माझ्या हाताखाली ठेवू नको. अन् ऱ्हायचं असंल तर म्या वाढायला लागले का माझं मनगट धर. मोडलं तर मोडू दे. तिच्या येळंला धरलं नाय तू. आता धर."