मानेवरची देवी

पुतळीला रडवायचा मान आमच्या गावात लखू गावकराचा होता. पेरणी कधी करायची, चुकलेली म्हैस कुठल्या अंगाला शोधायची, काही अडलं की गाव माझ्या वैनीच्या, गिरजाच्या, दारात यायचं. नारळ ठेवायचा, तिच्या पोरीला, पुतळीला, पाटावर बसवायचं आणि गावकरानं तिच्या दंडाला चिमटा काढायचा. पोर रडली की मानेवरची गाठ टरारून फुगायची. फुगली म्हणजे देवी 'व्हय' म्हणाली. गावकराला 'न्हाई' हवं असलं की तो फुलं खुडल्यासारखा हळूच चिमटा काढायचा. सगळ्यांना दिसायचं. पण गावकर म्हणजे गावचा प्रमुख, त्याचा हात धरणार कोण?

गाठ जन्माचीच. तेव्हा लिंबाएवढी होती, पोरीला सहावं लागलं तेव्हा कानापासून खांद्यापर्यंत उतरली होती. मऊ, लोंबती, पखालीसारखी.

जंगलखात्यानं कुमरी बंद केली, डोंगर भाजून नाचणी पेरायची न्हाई म्हणाले, तेव्हा साहेब ऐकेल काय म्हणून कौल लावला. गाठ फुगली. साहेबानं ऐकलं नाही. गावकर म्हणाला, पोर मनापासून रडली नव्हती.

मग माझा थोरला भाऊ म्हादू, पुतळीचा बाप, मधाला निघाला. कौल लावला, 'व्हय' आलं. फांदी मोडून म्हादू खाली आला तो उठलाच नाही. गावानं समजूत घातली की कौल मधाचा लावला होता, म्हादूचा नव्हता. आणि मध मिळालाच होता. त्याच्या दिवसाला आम्ही तोच वाढला.

त्या साली जर्मनाची लढाई चालू होती. माघात पुतळीला ताप भरला. गाठ लाल झाली, पेज गिळेना, आडवी झाली की घुसमटायची. वैनी तिला मांडीवर बसती धरून ठेवायची. तिनईघाटच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं की बेळगावचा डॉक्टर असल्या गाठी कापतो. ताप जरा उतरला तशी वैनी पोरीला घेऊन गावकराच्या खळ्यात उभी राहिली. तिच्यामागं मी.

"अण्णा, आम्ही पोरीला बेळगावाला नेतो. गाठ कापून घेतो."

गावकर सुपारी कातरत होता. "देवी कापणार? आणि भात कधी पेरायचं ते तुझ्या दिराला विचारू?"

मी म्हटलं, मला चिमटा काढून बघा, मीही फुगतो. कुणी हसलं नाही.

"पोर मरंल, अण्णा," वैनी म्हणाली.

"तुझी पोर हाय, खरं हाय. पण देवी गावाची. तिलाच विचारू, तिला कापून घ्यायचं हाय काय."

गाठीला कापायचं की नाही, ते गाठीलाच विचारायचं ठरलं. कुणाला वावगं वाटलं नाही. पाट आला. गावकरानं चिमटा काढला, तो असा की माशीसुद्धा उडाली नसती. पुतळी त्याच्याकडं बघत राहिली. गाठ लोंबती ती लोंबती.

"न्हाई म्हणाली," गावकर उठला.

वैनी पुढं झाली. पोरीचा दंड धरला आणि पिळला. ओलं लुगडं पिळतात तसा पिळला. पुतळीनं अशी किंकाळी फोडली की खळ्यातल्या कोंबड्या पळाल्या. गाठ फुगली, चकाकली, शिरा दिसायला लागल्या.

"आता काय म्हणती तुमची देवी?"

गावकर पुन्हा खाली बसला. चिमटा कुणी काढायचा याचा नियम कधी कुणी केलाच नव्हता. शेवटी त्यानं अट घातली, कापा, पण देवी गावात परत आणायची. न्हाई आणली तर तुम्हीही येऊ नका.

तिनईघाटापर्यंतच्या वाटेवर पुतळी आईशी बोलली नाही. माझ्या खांद्यावर बसून दंड चोळत होती. आगगाडी बघितली तेव्हा विसरली.

डॉक्टरानं अंधाऱ्या खोलीत गाठीच्या मागं दिवा धरला. अख्खी गाठ आतून उजळली, आकाशकंदिलासारखी. माझे हात आपोआप जोडले गेले. डॉक्टर म्हणाला, आत नुसतं पाणी आहे. अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा पाण्याच्याही असतात, ह्या पोरीच्या त्या जन्मतःच वाकड्या गुंतल्यात. मुळं थोरल्या शिरेला चिकटलीत, टेबलावर काहीही होऊ शकतं. वैनीनं विचारलं, न कापता काय होईल? त्यानं कागद पुढं सरकवला. वैनीनं अंगठा उठवला.

वासाचं औषध हुंगवून पोरीला निजवलं. आम्ही बाहेर बसलो. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं तेव्हा बोलावलं. पोर जिवंत होती, मान बांधलेली होती. देवी एका बशीत होती. पाणी वाहून गेलं होतं, उरलं होतं ते ओल्या चिंधीएवढं कातडं. दवाखान्यातल्या बाईनं ते आमच्यादेखत पुरायला नेलं.

"वैनी, आता परत काय न्यायचं?"

वैनीनं शिदोरी सोडली. तळाला एक कच्ची मुडली उरली होती. आमच्याकडं परसात लावतात तो कंद, केसाळ आणि गाठाळ. तिनं तो मडक्यात घातला, वर फडकं बांधलं. म्हणाली, "त्या गाठीपेक्षा देखणीच हाय."

टाके निघाल्यावर परतलो. वेशीवर ढोल होते, मडक्यासाठी. गावकरानं ते डोक्यावर घेतलं आणि देवाच्या रानात गळ्यापर्यंत पुरलं. पुतळी मागोमाग चालली होती, तिला बाहेर थांबवलं. देवी उतरलेली पोर रिकामी असते म्हणे, तिच्यात काहीही शिरतं. कालपर्यंत तिच्या पाया पडणाऱ्या बाया पोरांना तिच्यापासून ओढून न्यायला लागल्या. कापताना पुतळीची एक शीर दुखावली होती, हसली की ओठ एका बाजूला जायचा. तेवढा पुरावा गावाला पुरला.

पावसाळ्यात मडक्यातून कोंब आला. मग पान उलगडलं, चांगलं सुपाएवढं. पान मुडलीचं होतं. तेच पान गावातल्या प्रत्येक परसात डुलत होतं. गावकरानं लोटांगण घातलं. म्हणाला, देवीनं आपल्याला जगवणाऱ्या कंदाचं रूप घेतलं. हे ऐकून मला इतकं पटलं की मीही आडवा झालो.

रिकाम्या पोरीच्या शेतात लावणीला कुणी हात देईना. मी एकटा किती वाकणार? निम्मं रान पडून राहिलं. भाद्रपदात घरातला दाणा संपला, परसातली मुडलीही संपली. मागायला गेलं की दारं लागायची आणि देवीपुढं मात्र रोज भाताचा मुटका.

एका दुपारी गाव भांगलायला गेलेलं, पाऊस कोसळत होता. वैनी कोयता घेऊन गेली, भिजून आली आणि चुलीवर भांडं ठेवलं. आमसूल, मीठ, मिरची. मी थाळ्या मांडल्या. मला भूक होती.

पुतळीनं पहिला घास गिळला. सरळ गेला, कुठं अडकला नाही. मग तिनं ते गाठाळ साल ओळखलं.

"आये, ही देवी हाय? पुन्हा मानेवर येईल काय?"

"न्हाई येत. आता ती खालच्या वाटेनं जाणार. खा तू."

पुतळी वाकड्या ओठानं हसली आणि आणखी मागितलं.

देवी रानडुकरानं नेली, असं गावानं ठरवलं. लखू गावकर तेव्हापासून बारशाला न चुकता येतो. पाळण्यावर वाकतो, तान्ह्या पोराची मान चाचपून बघतो आणि हळहळत परत जातो.