मागच्या कागदावरची रेघ

"तुम्ही हात लावायच्या आधी निदान अक्षरं तरी निघत होती! आता बघा, चाळण झालीय नुसती!"

दुकानदाराने चिकट विनाइलचा तुकडा मशीन दुरुस्तीला आलेल्या मास्तरांच्या नाकासमोर फडफडवला. त्यातून पलीकडचा पंखा दिसत होता. कापायचं होतं ते फक्त वरचं निळं विनाइल. मागचा कागद शाबूत राहायला हवा, कारण अक्षरं त्याच्यावरच तर टिकतात. इथे ब्लेड आरपार गेलं होतं. 'वेळ'मधला 'व' कागदासकट गळून खाली पडला होता आणि दुकानदाराच्या चपलेला चिकटला होता.

"आवाज खाली," मास्तर म्हणाले. "मशीन बहिरी नाही. मी पण नाही."

"अहो, महिन्यातली तिसरी खेप ही! बारा वाजता दातांचे डॉक्टर येणार. उद्या दवाखान्याचं उद्घाटन. काचेवर अक्षरं नसतील तर लोकांना काय माझे दात दाखवू?"

कोपऱ्यात दुकानदाराची बायको चिमटा घेऊन बसली होती. अक्षरांच्या आजूबाजूचं फालतू विनाइल उपटून काढायचं काम तिचं. सकाळपासून ती उपटत होती आणि प्रत्येक वेळी कागद वर येत होता. ती मान खाली घालूनच बोलली, "भांडून झालं असेल तर मशीनकडे बघा कुणीतरी."

मास्तर मशीनपाशी बसले. बावीस वर्षं ते हेच करत होते. त्या भागात रेडियमची जेवढी दुकानं, तेवढ्यांच्या कटर मशीन त्यांच्या हाताखालून गेलेल्या. स्वतःचं दुकान नाही, पाटी नाही. एक बॅग आणि एक हात. त्या हाताचंच नाव होतं. बाकीचे कारागीर भिंग लावून बघायचे. मास्तर तुकडा उलटा करायचे, डोळे मिटायचे, मागच्या कागदावरून तर्जनी फिरवायचे. ब्लेड नीट बसलं असेल तर मागे अगदी पुसट रेघ लागते. रेघ नाही लागली तर ब्लेड कमी. चीर लागली तर जास्त. बोट सांगेल ते खरं.

गेल्या तीन महिन्यांत बोट काहीच सांगत नव्हतं. म्हणजे दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. टोकाशी कुणीतरी मोजा चढवल्यासारखं होतं एवढंच. मास्तरांना त्याची भीतीही वाटली नव्हती. शेजारच्या घरी कुणी आजारी आहे असं ऐकावं, तसं. मात्र या महिन्यात दोन दुकानांनी बोलावणं बंद केलं होतं. का, ते त्यांनी विचारलं नाही. हात गेला ही बातमी एकदा पसरली की बॅग माळ्यावर टाकायची, हे त्यांना न विचारताच माहीत होतं.

त्यांनी आधी रोलर बघितले. दोन्ही नीट दाबत होते. मग ब्लेडखालची पट्टी.

"पट्टीला खोबण पडलीय."

"मागच्या वेळी पण पट्टीच म्हणाला होतात. नवीन टाकली ना?"

मास्तरांनी वाकून पुन्हा बघितलं. पट्टी खरंच नवीन होती. खोबण कुठली, ओरखडाही नव्हता. त्यांनी ब्लेडचा होल्डर उघडला, आतला विनाइलचा बारीक कपटा फुंकून काढला. कॉम्प्युटरवर प्रेशर कमी केलं. एक गोल, गोलात चौकोन, अशी चाचणी कापली. तुकडा उलटा केला, डोळे मिटले, बोट फिरवलं.

काही नाही.

"कमी कापतंय," म्हणत त्यांनी ब्लेड थोडं बाहेर काढलं. पुन्हा चाचणी. पुन्हा बोट. काही नाही. अजून थोडं बाहेर. मशीनचा आवाज आता चरचरीत झाला होता. कान ओरडून सांगत होते की मास्तर, आरपार जातंय. पण बावीस वर्षं त्यांनी कानाचं कधी ऐकलंच नव्हतं.

"अहो, रक्त!" दुकानदार ओरडला.

पांढऱ्या कागदावर तीन थेंब होते, एकाखाली एक. मास्तरांनी आधी दुकानदाराचा हात बघितला. मग त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. मग स्वतःचा. होल्डरमधलं ब्लेड फिरवताना तर्जनी चांगलीच कापली गेली होती.

वहिनींनी फडकं आणून दिलं. दुकानदाराचा आवाज एकदम उतरला. "एवढं कापलं, तरी कळलं नाही?"

"कामात असलं की नाही कळत."

वहिनींनी चाचणीचा तुकडा उचलला, उलटा केला आणि अंगठा फिरवला. "मास्तर, इथे चीर आहे. माझं नख जातंय आत."

 

दुकानदारानेच वाट काढून दिली. "मशीनच म्हातारी झालीय, हो ना? सांगून टाका एकदाचं. भंगारात घालतो आणि अक्षरं बाहेरून कापून आणतो. कटकट नको."

किती सोपं होतं. 'हो' म्हणायचं आणि बॅग उचलायची. नाव शाबूत. मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. अक्षरं बाहेरून आली तर वहिनींच्या चिमट्याला काय काम? त्या मशीनकडे बघत होत्या, मास्तरांकडे नाही.

"मशीन ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "माझा हात गेलाय."

हे बोलताना त्यांना वाटलं, काहीतरी होईल.  काहीच झालं नाही.

"वहिनी, इथे बसा. ब्लेड पूर्ण आत घ्या. हं, तसं. आता कापा. उलटा करा. डोळे मिटा."

"काय लहान मुलांचा खेळ चाललाय," दुकानदार पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनी म्हणाल्या. "काही लागत नाही, मास्तर."

"होल्डरवरची एक खूण बाहेर. पुन्हा."

"अजून नाही."

"अर्धी खूण. सावकाश."

"आता... गालावर पापणीचा केस पडला ना, की लागतं तसं काहीतरी."

"थांबा! तिथेच. पुढे नाही जायचं."

अक्षरं कापली गेली. वहिनींनी चिमट्याने फालतू विनाइल ओढलं, ते सुळकन निघून आलं. 'दंत'वरचं टिंबही जागेवर राहिलं. सकाळपासून तेच सारखं उडत होतं.

"अरे वा, हिला जमलं की! मग तुमची आता..." दुकानदार जीभ चावून थांबला. मग उगाच कागद गोळा करायला लागला. "बसा मास्तर. डॉक्टर येतील, बघून जा. आणि मी कुणाला काही सांगणार नाही, बरं का."

"तुम्ही कशाला? मीच सांगणार," मास्तर फडकं बोटाला आवळत म्हणाले. "सोमवारी आणखी दोन दुकानांत ब्लेड बसवून आलोय. ह्याच हाताने. तिथे आत्ता रोलच्या रोल वाया जात असतील. मला आता निघायला हवं."