बुधवारचा भोंगा

नेब्रास्कात घर बांधायचं म्हणजे गारा, पूर आणि टॉर्नेडो या तिघांना आधीच जेवायला बोलावून ठेवायचं. त्या ऑगस्टात गारा पहिल्या आल्या. कोंबडीच्या अंड्याएवढी एकेक. एक मी फोडून बघितली, आत बलक होता. छपराची पार चाळण झाली.

म्हणून त्या बुधवारी माझा नवरा डेलमर वर चढून लाकडी कौलं ठोकत बसलेला. दुसऱ्याच्या हातच्या खिळ्यावर त्याचा भरवसा नाही.

अकरा वाजले आणि टॉर्नेडोचा इशारा देणारा गावातला भोंगा वाजला. महिन्याच्या पहिल्या बुधवारी अकराला तो वाजवून बघतात, चालतोय की नाही म्हणून. गाव त्यावर घड्याळं लावतं. कुत्रं मान वर करत नाही, मग डेलमर कशाला करतोय?

मी कपडे वाळत घालत होते. बघते तर आभाळ हिरवं, काकडीच्या लोणच्याच्या बरणीसारखं. आणि आभाळ बिघडलं असलं की चाचणी घेतच नाहीत, लोक उगाच घाबरतात म्हणून. म्हणजे हा भोंगा खरा होता.

"डेलमर, खाली ये."

"अगं इर्मा, बुधवार आहे."

"आभाळ बघ की."

"चारच खिळे राहिलेत."

"मागं तरी बघ रे बाबा."

त्यानं बघितलं, आणि पंचाईत झाली. आमच्या पुरुषांची ही खोडच आहे. बायका-पोरं तळघरात पळतात, हे उभे राहून बघत बसतात. मक्याच्या शेतापलीकडं ढगाची सोंड उतरली होती. कणसं वर चढताना सोलली जात होती. डेलमर हातोडी धरून दगड झाला.

"काय देखणं आहे गं," तो म्हणाला.

मी पण बघत राहिले असते. पण सोंड आमच्याच कुंपणाकडे वळली.

"तुझा भाऊ तळघरात बसून खसखस भरलेले गोड कोलाचे पाव खातोय," मी ओरडले. "गरम होते. दोनच उरलेत."

सत्तावन्न वर्षांचा माणूस, शिडीच्या दोन पायऱ्यांत खाली.

"कुठंय लुमीर?" तळघराचं दार लावता लावता तो म्हणाला.

"लिंकन शहरात. त्याच्या घरी."

"आणि कोलाचे?"

तेवढ्यात आवाज आला. इतका मोठा, की कानाला कळलाच नाही, दातांना कळला. मग घर उचललं गेलं. भिंतींच्या खालून चारी बाजूंनी वीतभर उजेड आत आला. मला गवत दिसलं, गवतावर बसलेला टोळ दिसला. मग घर परत खाली बसलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

आम्ही वर आलो. छप्पर नव्हतं. स्वयंपाकघरात आभाळ उतरलं होतं, धुतल्यासारखं निळं, आणि टेबलावर दुधाचा जग काठोकाठ भरलेला, थेंब सांडला नव्हता. डेलमरनं माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं टोपी काढली. ती तो फक्त चर्चमध्ये काढतो.

आणि मी तासभर एक शब्द बोलले नाही. गावात माझं बाकी सगळं खरं मानतात, एवढंच कुणी मानत नाही.