नानवर हात

दोन दिवस मुहय्यो गोळ्या जिभेखाली धरत होती आणि सासूची पाठ फिरली की अंगणातल्या जर्दाळूच्या मुळाशी थुंकत होती. सहावा महिना चालू होता. पोटात बाळ, आणि त्याला खेटून आईची किडनी, चार वर्षांपूर्वी सलोमतने लेकीला काढून दिलेली. ती टिकायची तर या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या.

काडी टाकली शेजारच्या हनीफाने, तंदूरपाशी. "असलं विष गिळून कुणाचं लेकरू धड निघालंय का गं?" डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं, गोळ्या बाळाला चालतील अशाच दिल्यात, सोडल्या तर दोघांच्या जिवावर बेतेल. पण भ्यालेल्या बाईला डॉक्टरचं नुसतं ऐकू येतं, शेजारणीचं काळजात रुततं.

आज सकाळी सलोमत गावाहून मर्गिलान शहरात लेकीच्या सासरी आली. चहा ओतता ओतताच तिने विचारलं, "गोळी घेतलीस?"

"घेतली."

"तोंड उघड."

"आई, मी काय शाळेतली पोर आहे?"

सलोमतने वाद घातला नाही. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची ताजी नान उचलून लेकीपुढे ठेवली. "ठेव हात, आणि सांग."

नानवर हात ठेवून त्या मुलखात चोरसुद्धा खोटं बोलत नाही. मुहय्योचा हात उचलला गेला आणि अधांतरीच राहिला.

"दोन दिवस नाही घेतली."

"अंग चिरून दिलं मी, ते थुंकायला?"

"मग काय करू? तुम्ही दिलेलं जपू की या बाळाला?" मुहय्यो किंचाळली. "जो तो म्हणतो, काही होत नाही. तुम्ही ठेवा ना हात! घ्या शपथ, बाळ धडधाकट होईल म्हणून!"

सलोमतने हात पुढे केला. नानपर्यंत नेला. मग तिने तो मागे घेतला.

"नाही गं घेता येत. मला ठाऊक नाही. मलाही फार भीती वाटते."

मुहय्यो हमसून हमसून रडली. इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्याशी खरं बोललं होतं. भीती होती तेवढीच होती, पण आता ती एकटीची नव्हती.

डोळे पुसून तिने सकाळची गोळी चहाबरोबर गिळली आणि न सांगताच तोंड उघडून दाखवलं. सलोमतने पाहिलंही नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं होतं, म्हणून ती दाराशी वाकून लेकीचे बूट शोधत होती.